बसायला येणारी माणसं

सोमवार, ४
पोचलो एकदाच्या! घर तळमजल्यावर, हॉस्पिटल हाकेच्या अंतरावर, आणि पलंगावरून बाहेरचं दिसेल अशी खिडकी. ताईने आल्या आल्या पडद्यांना नावं ठेवली, म्हणजे स्वारी ठीक आहे. आजारपणाने तिचं अर्धं अंग नेलं, जीभ मात्र शाबूत ठेवली. नीट निगा राखली तर ती वर्षानुवर्षं काढेल, असं डॉक्टर म्हणाले. नीट निगा म्हणजे मी. आई गेल्यावर तिने मला कडेवर वागवलं, आता मी तिला उचलते. माझ्या कंबरेचं काही खरं नाही, पण मला ती हवी आहे.

बुधवार, ६
शेजारच्या शिंपीणकाकूंनी गल्लीची पद्धत समजावली. इथे बऱ्याच घरांत कुणीतरी अंथरुणाला खिळलेलं आहे. आपल्याच माणसापाशी बसून बसून जीव विटतो, म्हणून दुपारी प्रत्येकाने दुसऱ्याच्या माणसाजवळ बसायचं. ताईजवळ समोरचे मास्तर बसणार, मी काकूंच्या यजमानांजवळ, काकू मास्तरांच्या बायकोजवळ. मध्येच घरी डोकवायचं नाही, एवढाच नियम. आमचे नातेवाईक फोनवर 'काही लागलं तर सांग' म्हणतात आणि सांगितलं की गायब होतात. इथे न सांगता माणसं हजर. मला भरून आलं. लगेच हो म्हटलं.

शुक्रवार, ८
काकूंच्या यजमानांना कुशीवर वळवायला गेले तर हातात नुसतं पांघरूण आलं. पलंग रिकामा, गादीत माणसाएवढा खळगा. ते केव्हाच गेलेले असणार आणि बाईंना ते सोसलं नसणार. काय बोलायचं? पांघरूण सारखं केलं, चमच्याने उशीपाशी सूप नेलं आणि परत वाटीत ओतलं, वर हवापाण्याच्या गप्पाही मारल्या. काकू आल्यावर सांगितलं की छान जेवले. धडधडीत खोटं, पण त्यांचा चेहरा असा उजळला की मला वाईट वाटेना.
घरी मास्तर ताईचा हात धरून बसले होते. ती गाढ झोपली होती.

गुरुवार, १४
ताई हल्ली उचलायला सोपी जाते. मास्तर म्हणतात, सरावाने जमतं. डॉक्टरांनाही काही वावगं दिसलं नाही. पण ती पडद्यांबद्दल अवाक्षर काढत नाही, आणि मला चैन पडत नाही.
माझ्याजवळही कुणीतरी बसावं, असं सगळ्यांनी ठरवलंय. सकाळी काकू येतात, मी आडवी होते, त्या कपाळावरून हात फिरवतात. किती वर्षांनी कुणी माझं करतंय. लाज सोडून झोपते. घड्याळ मनगटातून निसटायला लागलंय, पट्ट्याला नवं भोक पाडून घ्यायला हवं.

मंगळवार, १९
आज चमचा रिकामा परत आला. उशी चाचपली, जमीन पाहिली. सूप कुठेच सांडलेलं नाही.
मग पांघरुणाखाली कुणीतरी खोकलं. त्याआधी दोनदा घसा खाकरला. असं फक्त ताई करते.
वळवून पाहिलं. जड. माझी कंबर धरली.

बुधवार, २०
नियम मोडला, मध्येच घरी आले. मास्तर काही करत नव्हते. डोळे मिटून, ताईचा हात दोन्ही हातांत घेऊन बसले होते. ताईला खोकला आला. ओठ हलले — आवाज भिंतीपलीकडून आला, काकूंच्या घरातून.
मास्तर रागावले नाहीत. म्हणाले, आपल्या हाताने भरवून आपलं माणूस परत येत नाही, त्याला परका हात लागतो. तुम्ही भरवलंत म्हणून काकूंचे यजमान आले. आता माझ्या बायकोला काकू भरवताहेत.
मी भरवलं. दया आली म्हणून.

गुरुवार, २१
टॅक्सी बोलावली. ताईला एका हाताने उचललं — एका हाताने. दाराशी सगळे उभे. कुणी अडवलं नाही. काकू म्हणाल्या, एकटीने कसं करशील गं, जरा पड आधी. आणि माझे पाय — पायांत काही उरलंच नाही. टॅक्सी हॉर्न वाजवून निघून गेली.

शुक्रवार
आतून कडी लावली. तरी येतात.
ताईचा हात उजव्या हातात, डाव्याने लिहितेय. तिला म्हणते, पडद्यांना नावं ठेव, मला ठेव, काहीतरी बोल —
मास्तरांच्या घरात बाई हसते. ते माझं हसणं आहे.

शनिवार?
हात आहे. हलका, पण आहे.
काकू आल्या. मास्तरही. ताईकडे गेलेच नाहीत. माझं पांघरूण सारखं केलं. आता मला कुशीवर वळवताहेत — एका बोटाने — ताईचा हात सुट