नर्सबाईंचं दार

३ फेब्रुवारी

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि. (ही अक्षरं तुला मीच गिरवायला लावली होती, तेव्हा मलाच ती गाळून चालणार नाही.)

बाबा तुझ्याकडे नीट पोचल्याचं कळलं आणि जीव भांड्यात पडला. खोकला खरंच कमी आहे की मला बरं वाटावं म्हणून तू तसं लिहिलंस? डॉक्टरांनी त्यांना रंगाच्या वासापासून लांब राहायला सांगितलंय. तुझा भाऊ संधी मिळाली तर तुझ्या शेजाऱ्याच्या फाटकालाही हात मारेल, म्हणून लक्ष ठेव.

आता कामाचं. आपल्या मागच्या खोलीत नर्सबाईंच्या गाडीचं दार घोडीवर तसंच पडून आहे. बाबांनी ठोकून, खड्ड्यांत लांबी भरून, घासून, वर प्रायमर मारून ठेवलंय. राहिलाय फक्त रंग. नर्सबाई बिचाऱ्या दाराच्या जागी प्लॅस्टिक बांधून घरोघरी पेशंट बघत फिरतात. गॅरेजमालक निव्वळ बाबांच्या हातावर विश्वास ठेवून ही कामं आपल्या घरी पाठवतो. हे दार अडलं तर तो दुसरा माणूस बघेल, आणि बाबा बरे होऊन येतील तेव्हा कॉम्प्रेसरवर कपडे वाळत घालायची वेळ येईल.

म्हणून दार मीच रंगवायचं ठरवलंय. रंग तयार आहे. लहानपणापासून उंबऱ्यात उभं राहून बघत आले, पण रंगाची गन त्यांनी कधी हातात दिली नाही. तू पुस्तकं सांभाळ, म्हणायचे. आता त्यांना विचारून सगळं नीट कळव. मी तयारीला लागलेय. रंगात धूळ बसू नये म्हणून खोली झाडली, पुसली, जळमटं काढली. फळ्या आणि खिडकीची चौकट तर फर्निचर चमकवायच्या स्प्रेने अशी लख्ख केली की त्यात तोंड दिसतं. शेजारीण विचारत होती, बघायला कोणी येणार आहे का म्हणून.

बाबांना नमस्कार. लोभ आहेच, उत्तर आलं की तो वाढलाय असं समजेन.

तुझी मास्तरीणबाई

*

८ फेब्रुवारी

चि. मास्तरीणबाईंना, आत्याचे आशीर्वाद.

खोकला कमी आहे. शपथेवर. रात्री घोरतो मात्र तसाच.

तुझं पत्र दादाला वाचून दाखवलं. त्याने उठून माझा पाण्याचा तांब्या हातात धरला आणि भिंतीसमोर या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवत राहिला. मला वाटलं, याला ताप चढला. पण तो तुला शिकवत होता. तो सांगतो ते लिहिते, माझ्या शुद्धलेखनाला हसू नकोस.

जमिनीवर पाणी शिंपड, म्हणजे धूळ उडत नाही. गन दारापासून वीतभर लांब धर आणि हात सारखा चालता ठेव. दाराच्या अलीकडून सुरू कर, पलीकडे गेल्यावर सोड, मध्ये थांबलीस की ओघळ येईल. पहिला हात धुक्यासारखा, हावरटपणा करायचा नाही. कडेला बोट लावून चिकटत नाही असं बघितल्यावरच दुसरा. आणि तोंडाला मास्क. हे त्याने पुन्हा पुन्हा सांगितलं, मी एकदाच लिहिते.

तू दिवा बंद केलास का ते तीनदा उठून बघणारी मुलगी, तुझ्या हातून काम वाईट होणार नाही, असं मी म्हटलं. त्याला ते पटलं असावं, कारण संध्याकाळी समोरच्या शिंप्याला सांगत होता की आमची मुलगी आता गन धरणार.

तब्येतीला जप. आमच्यावर माया आहे ती असू दे.

आत्या

*

१६ फेब्रुवारी

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

मी बरी आहे. ऑफिसात हिशेबाची गडबड आहे. शेजारणीची मांजर आपल्या माळ्यावर व्याली आणि आता ती शेजारणीलाच घरात घेत नाही. दाराचं काम चालू आहे. बाबांनी औषध वेळेवर घ्यावं.

आत्या, इथे रेघ मारलीय. त्याच्या पुढचं बाबांना वाचून दाखवू नकोस.

दार बिघडलं. बाबांनी सांगितलं तसंच सगळं केलं. ओघळ नाही, दाणा नाही. पण रंग बसता बसता जागोजागी फाटायला लागला. पावसाचे थेंब वाळूत पडावेत तसे बारीक खळगे, दारभर, आणि प्रत्येक खळग्याच्या तळाशी प्रायमर उघडा. दुसरा हात दिला तर ते आणखी पसरले.

हे एवढंच असतं तर मी रेघ मारली नसती. दुसऱ्या दिवशी सकाळी नर्सबाई दार बघायला आल्या. काय झालं म्हणून त्यांनी विचारलं आणि माझ्या तोंडून निघून गेलं की बाबांच्या प्रायमरमध्येच काहीतरी राहिलं असणार. विचार करावा लागलाच नाही, इतकं सहज निघालं. त्यांनी मान हलवली. म्हणाल्या की तुझ्या बाबांचा हात हल्ली थरथरतो, हे मीही बघितलंय, आजारी माणसाला बोल कशाला लावायचा. वर माझ्या पाठीवरून हात फिरवून गेल्या.

नंतर मी रंगाच्या दुकानात गेले. दुकानदाराने पहिलाच प्रश्न विचारला की खोलीत कसला चमकवायचा स्प्रे मारला होता का. त्याचा अंश हवेत राहतो, दारावर बसतो आणि रंगाला धरू देत नाही. फळ्या लख्ख केल्याचं मी तुला केवढ्या तोऱ्यात लिहिलं होतं.

तरी तिथून उठून नर्सबाईंकडे गेले नाही. उद्या जाऊ, म्हटलं. तेवढ्यात त्यांनी गॅरेजमालकाला सांगितलंही. या आठवड्यात त्याच्याकडून दोन बंपर यायचे होते, ते आले नाहीत. निरोप आला की बाबांना आता आराम करू दे, त्यांनी पुष्कळ केलं. आत्या, ज्या हाताने मला शिकवलं त्या हाताला मी परक्यासमोर थरथरता म्हणू दिलं. ऑफिसात एक आकडा चुकला तर मला झोप लागत नाही आणि इथे चार दिवस मी जेवतेय, झोपतेय. मी काय करू ते लिही. लोभ असू दे असं लिहायला हात धजत नाही.

तुझी

*

२१ फेब्रुवारी

चि. मुलीस आशीर्वाद.

तुझी रेघ मी पाळली, पण टिकली नाही. दादाला वाचता येत नाही, बघता येतं. त्याला दिसलं की कागद दोन्ही बाजूंनी भरलाय आणि मी मांजर आणि औषध एवढ्यावरच थांबले. म्हणाला की चहात साखर टाकायला जिला एवढा वेळ लागतो, तिचं पत्र इतक्या लवकर संपणार नाही. मी सारवासारव केली. तो हलला नाही. शेवटी सगळं वाचून दाखवलं.

ऐकून बाहेर ओट्यावर जाऊन बसला. जेवायला हाक मारली तर भूक नाही म्हणाला. नंतर आत आला आणि मला लिहायला बसवलं. त्याचं म्हणणं असं की प्रायमर मारताना त्याला खोकल्याची उबळ आली होती, तेव्हा पुसायचं काही राहिलंही असेल. तेव्हा तू नर्सबाईंकडे जायचं नाही. त्याचं नाव गेलं तर म्हाताऱ्या माणसाचं गेलं, लोक चार दिवसांत विसरतील. तुझं पहिलंच काम, त्यावर डाग नको. एवढं सांगून तो झोपायला गेला.

आता माझं. दादा खोटं बोलतोय. खोटं बोलताना तो लहानपणापासून कान खाजवतो, आणि हे सांगताना त्याचा कान लाल झाला होता. तू चुकलीस. रंगाचं म्हणत नाही, रंग कोणाचाही बिघडतो. घरात नसलेल्या माणसावर ढकललंस, आणि तेही तो आजारी आहे हे पथ्यावर पडलं म्हणून. मी तुझी बाजू घेणार नाही. काय करायचं ते तुला माहीत आहे, नाहीतर तू मला विचारलंच नसतंस.

माया कमी झालेली नाही, ती काही रंग नाही.

आत्या

*

२८ फेब्रुवारी

ती. बाबा आणि ती. आत्या यांस,
सा. न. वि. वि.

आत्या, हे सगळं मोठ्याने वाच. ओळीखाली बोट ठेवून वाच, म्हणजे बाबांना दिसेल.

बाबा, तुमचं ऐकलं नाही. आधी पाण्यात भिजवायचा वॉटर पेपर घेऊन दार अंगणात घासलं. माझा रंग सगळा निघाला, खाली तुमचा प्रायमर तसाच. मग उरलेला रंग दोन पत्र्याच्या झाकणांवर मारला, एकावर त्या खोलीत, एकावर अंगणात. खोलीतल्यावर खळगे आले, अंगणातलं साफ. ती झाकणं घेऊन नर्सबाईंकडे गेले आणि त्यांना घरी घेऊन आले.

त्यांना सांगितलं की चूक माझी होती आणि ती मला लवकरच कळली होती, तरी मी गप्प राहिले. त्या दारापाशी गेल्या, चष्मा वर केला आणि प्रायमरवरून एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत तळवा फिरवला. म्हणाल्या की हे थरथरत्या हाताचं काम नाही. मग माझ्याकडे वळून म्हणाल्या की मी तुझ्यावर विश्वास ठेवून दहा ठिकाणी बोलले, आता त्या दहांकडे मी जायचं की तू? मी म्हटलं, मी.

सगळ्यांकडे गेले. काहींना आठवतही नव्हतं, त्यांना आधी आठवण करून द्यावी लागली आणि मग सांगावं लागलं. ते सगळ्यात अवघड गेलं. गॅरेजमालकाने झाकणं हातात घेऊन बघितली. तुम्ही आलात की बंपर पाठवतो म्हणाला, पण मुलीच्या हातचं काम नको, असंही तोंडावर सांगितलं. मी बरं म्हटलं. आपल्या बोळातून जाताना आता मान खाली जाते. जाऊ दे, ती माझी आहे.

नर्सबाई अजून प्लॅस्टिकवरच फिरतात. घाई नाही म्हणाल्या, पण पूर्वीसारखं हसून नाही. दार तुम्ही म्हणाल तसं ठेवेन. त्या झाकणांनंतर गनला हात लावलेला नाही.

माझ्यावर रागावलात तरी चालेल, गप्प राहू नका.

आपली मुलगी

*

५ मार्च

चि. मुलीस आशीर्वाद.

बोट ठेवून वाचलं. दादा बोटाकडेच बघत होता.

संपल्यावर म्हणाला, पुन्हा वाच. मी वरून सुरू केलं तर सगळं नको म्हणाला. नर्सबाईंनी प्रायमरवरून हात फिरवला तेवढंच वाच. वाचलं. पुन्हा म्हणाला. पुन्हा वाचलं. मग पत्र मागून घेतलं आणि ते नेमकं कुठे लिहिलंय ते मला दाखवायला लावलं.

तुझ्यावर रागावलाय का, असं मी सरळ विचारलं. त्याने पत्राची घडी घातली आणि खिशात ठेवली. मग म्हणाला, तिला लिही की दार झाकून ठेव, उघडा प्रायमर ओल धरतो. पुढच्या आठवड्यात मी येतोय. आल्यावर आपण बघू.

मी शब्द बदललेला नाही. तो ‘आपण’ म्हणाला.

आत्या