प्रियेचा चेहरा सगळ्यात शेवटी

३ मार्च, सकाळी ७
निश्चय: दहा दिवसांत चित्र पूर्ण. हिला हॉस्पिटलात ठेवून आज चौथा दिवस. पलंगासमोरची भिंत अगदी कोरी आहे, असं मुलगी म्हणाली. मी अजून गेलो नाही. रिकाम्या हातानं काय जायचं?
विषय ठरला. लग्नाआधी ही मला एक महाकाव्य मोठ्यानं वाचून दाखवायची. त्यातला मेंढपाळ आणि त्याची प्रिया, टेकडीवर, झाडाखाली. जलरंग. बत्तीस वर्षं ऑफिसात नकाशे काढले. दोन माणसं म्हणजे डाव्या हातचा मळ.

५ मार्च
कागद फळीवर ताणला. प्रियेच्या चेहऱ्याच्या जागी मास्किंग फ्लुइड लावलं. रबरी गोंदच तो. भोवतीचा रंग आत शिरत नाही, शेवटी सोलला की खाली पांढराशुभ्र कागद. बाटलीवर बारीक अक्षरांत काहीतरी आहे. चष्मा सापडला नाही. असो.
चेहरा हिचाच काढणार. सगळ्यात शेवटी, निवांत.

९ मार्च
आकाश झकास. मुलीचा फोन, आई विचारतेय कधी येणार. म्हटलं, कलेत घाई चालत नाही. तिनं फोन ठेवला. पटलं असावं.

१४ मार्च, संध्याकाळ
दहा दिवस हा अंदाज होता. मेंढ्या अकरा झाल्या. तीन कुत्र्यांसारख्या दिसतात. कळपाला कुत्री लागतातच.
हॉस्पिटलच्या फाटकापर्यंत जाऊन आलो. भेटीची वीसच मिनिटं उरली होती. वीस मिनिटांत काय बोलणार?

२२ मार्च
मेहुणी आली होती. ताई फार वाळलीय म्हणाली. नुसते जवळ बसा म्हणाली. चित्राकडे ढुंकून पाहिलं नाही. जाण नाही, दुसरं काय.
मेंढपाळाचे हात जमेनात. पाठीमागे नेले.

२ एप्रिल
आता फक्त चेहरा. डोळे मिटले की हिचा तो वाचतानाचा चेहरा दिसतो, विशीतला. आत्ताचा येत नाही. आत्ताचा बघायची मला भीती वाटते. हे इथंच लिहितो.
उद्या जाणार म्हणजे जाणार.

३ एप्रिल
झाडाची हिरवाई ओली. सोमवारी नक्की.

६ एप्रिल, सकाळी ८
मुलीचा फोन. पहाटे गेली. म्हटलं, लगेच निघतो. म्हणाली, आता घाई नाही, बाबा.

१९ एप्रिल
मुलगी हिचं सामान घेऊन आली. कंगवा, शाल, चष्मा. चित्रासमोर बराच वेळ उभी राहिली. मी म्हटलं, आईसाठीच करत होतो. ती म्हणाली, "आईनं चित्राचं कधी विचारलंच नाही. ते आले का, एवढंच विचारायची."
ती गेल्यावर गोंद सोलायला घेतला. सुटेना. नखानं ओढला तर कागदाचं सालपटच निघून आलं. चेहऱ्याच्या जागी नुसता लगदा.
हिचा चष्मा लावून बाटली वाचली. दोन दिवसांच्या आत काढावे.
नवीन कागद आहे घरात. ताणायला घेतला आणि ठेवून दिला. चेहरा कुणाचा बघून काढू?