लहान पंखा

अण्णा, आज खंडेनवमी. सकाळी बंगळुरातल्या मारतहळ्ळीच्या ह्या फ्लॅटमध्ये मी लॅपटॉपला हळदकुंकू लावलं, फूल वाहिलं, अक्षता मात्र वाहिल्या नाहीत. बायकोने विचारलं तेव्हा म्हणालो, फटीत जातात. ती हसली. तिला ती गोष्ट माहीत आहे, म्हणजे मी सगळ्यांना सांगतो तेवढी: तुमच्या शेवटच्या वर्षांतला तो कॉम्प्युटर, सोमवारची मुदत, आणि मी मशीन फॉरमॅट करून कसं वाचवलं. ही गोष्ट मी इतक्या वेळा सांगितली आहे की तिच्यातले दोन तुकडे मी गाळतो हे माझ्याही लक्षात राहत नाही. तुम्हाला जाऊन पंचवीसहून जास्त वर्षं झाली. आता ते तुकडे सांगायला तुमच्याशिवाय योग्य माणूस नाही.

सत्त्याण्णव साल. मल्लेश्वरमचं आपलं घर, पुढच्या खोलीत खिडकीशेजारी टेबल, टेबलावर मी स्वतः एकेक भाग आणून जोडलेला कॉम्प्युटर. पेंटियम, सोळा एमबी मेमरी, एक पॉइंट दोन जीबीची हार्ड डिस्क. मी बी.कॉम. झालेला, कुठल्याही क्लासला न गेलेला. पुस्तकं वाचून, चुकत, परत जोडत शिकलो होतो, आणि त्याचा मला माज होता हे आज लिहायला हरकत नाही. तुम्ही कारखान्याच्या टूलरूममधून निवृत्त होऊन वर्ष झालेलं. गेज, म्हणजे माप तपासायची हत्यारं, बनवण्यात तुमचा हात धरणारा कोणी नव्हता, आणि मी तुमच्या कारखान्याची अप्रेंटिस परीक्षा दिली नाही हे तुम्ही एकदाच बोललात, पण ते बोलणं घरात राहिलं.

खंडेनवमीला तुम्ही म्हणालात, "झाकण काढ. झाकलेल्या मशीनची पूजा करत नाहीत." टूलरूममध्ये तशीच रीत होती, त्या दिवशी प्रत्येक मशीनचे गार्ड उघडायचे, आतलं तेल-काजळी पुसायची, मग कुंकू. मी चार स्क्रू काढून झाकण बाजूला ठेवलं. तुम्ही हळदीकुंकवाच्या ओल्या अक्षता हलकेच टाकल्या, आईने शेवंती ठेवली. दसऱ्यापर्यंत कोणी यंत्राला हात लावला नाही. दसऱ्याला संध्याकाळी मी फूल काढलं, वरवर फडकं मारलं आणि झाकण लावलं.

दुसऱ्या दिवसापासून मशीन अडायला लागलं. चालू केलं की वीसेक मिनिटं बरं, मग बाण पडद्यावर जागच्या जागी थांबायचा. कीबोर्डवर काही दाबा, उत्तर नाही. बंद करून लगेच चालू केलं तर दहा मिनिटांत पुन्हा तेच. आधीच ते महिनाभर मंद झालं होतं, डिस्क सारखी खरखर करायची, म्हणून मी ठरवून टाकलं की दुखणं एकच आहे आणि ते आता वाढलंय. मंद होणं आणि गोठणं ही दोन वेगळी दुखणी असू शकतात, ही साधी गोष्ट मला सुचली नाही. आणि त्या गुरुवारी इलेक्ट्रॉनिक सिटीतल्या कंपनीतून फोन आला. तिथले गृहस्थ सरळ बोलले, "डिग्री नाही म्हणता, तर काम दाखवा. सोमवारी दहा वाजता, फ्लॉपीवर." दाखवायला माझ्याकडे एकच प्रोग्रॅम होता, अर्धा लिहिलेला: टूलरूमच्या स्टोअरमधून कोणी कोणतं हत्यार नेलं आणि परत कधी केलं, ह्याचं रजिस्टर. ती कल्पना तुमच्याच बोलण्यातून निघालेली. सोमवार चुकला असता तर अशी दुसरी हाक मला कोणी दिली नसती. तेव्हा बंगळुरात डिग्रीवाल्यांची रांग होती.

शुक्रवारी दिवसभर मी क्रमाने गेलो. स्कॅनडिस्क. व्हायरस तपासायची फ्लॉपी. टेंपमधल्या फाइली पुसल्या. डिस्कवरच्या विखुरलेल्या फाइली जुळवायला डीफ्रॅग लावला, तो निम्म्यावर गोठला. मेमरीच्या पट्ट्या काढून त्यांची सोनेरी टोकं खोडरबराने घासली. कॅबिनेटच्या मागे हात धरला, वारा लागला, म्हणजे पंखा चालू. वहीत प्रत्येक गोष्टीपुढे बरोबरची खूण केली. प्रत्येक वेळी पुस्तकात लिहिल्याप्रमाणे आधी वायर काढायची, मगच झाकण उघडायचं, आणि चारही स्क्रू बसवल्याशिवाय चालू करायचं नाही. ह्या शिस्तीमुळेच ते मशीन उघडं असताना चालू कसं दिसतं, हे मी त्या चार दिवसांत एकदाही पाहिलं नाही.

शेजारचे टेलिफोन खात्यातले काका पेपर न्यायला आले आणि दारातच थांबून अर्ध्या कानडीत म्हणाले, "एनप्पा, डिग्री इल्लद, बिनडिग्रीचा इंजिनियर! पाऊस नाही, लाइट गेली नाही, तरी मशीन बंद?" मी पट्टीची टोकं घासत राहिलो. "स्वल्प रेस्ट कोडु, जरा आराम दे त्याला. माणूस पण असाच थांबतो." तुम्ही खुर्चीत होता. तुम्ही हसला नाहीत. मला तेच जास्त लागलं.

शनिवारी सकाळी मशीन पुन्हा गोठलं तेव्हा तुम्ही उठून आलात. काही न विचारता कॅबिनेटवर उलटा तळहात ठेवला, बोटं नाही, हाताची मागची बाजू. मग तो हळूहळू सरकवलात. "इथे हात लाव. ह्या बाजूला ऊन आहे. बाकी सगळं गार आहे."

"अण्णा, कॉम्प्युटर थोडा तापतोच."

"थोडा नाही. एका जागी तापलाय. एका जागी तापतं तेव्हा आत काहीतरी फिरायचं थांबलेलं असतं."

"पंखा चालू आहे. मी तपासलंय." मी वही उघडून दाखवली. शिवाय बंगळूरचा ऑक्टोबर, आई सकाळी स्वेटर घालून दूध घ्यायला जाते, आपल्या घरात छताला पंखासुद्धा नाही. इथे मशीन तापून कसं अडेल?

"बघून घे एकदा. उघडून, चालू ठेवून."

आणि मी म्हणालो, शब्द मला जसेच्या तसे आठवतात, "ही लेथ नाही अण्णा. इथे हात चालवून भागत नाही, डोकं चालवावं लागतं."

स्वयंपाकघरात आईचं पोळ्या लाटणं थांबलं. तुम्ही हात कॅबिनेटवरून काढून घेतलात, धोतराला पुसलात, जसा काही त्याला तेल लागलं होतं. "सरी," तुमचं नेहमीचं कानडी 'बरं', एवढंच म्हणालात आणि खुर्चीत जाऊन बसलात.

तासाभरात मी ठरवलं: फॉरमॅट. सगळी डिस्क पुसायची, विंडोज नव्याने टाकायचं. माझा प्रोग्रॅम फ्लॉपीवर घेतला. आई चहा घेऊन आली आणि तिने तुमच्या वतीने विचारलं, "ह्यांचं लिहिलेलं राहील ना रे?" कारण उन्हाळ्यापासून तुम्ही रोज दुपारी त्या टेबलावर बसायचात आणि एका बोटाने टाइप करायचात. सगळी कॅपिटल अक्षरं, तुमचं टूलरूमचं इंग्रजी, क्रियापदं गाळलेलं. चाळीस वर्षांत हाताने जे शिकलात ते, पुढच्या अप्रेंटिस लोकांसाठी. मी एकदा डोकावलो होतो. गेज मुठीत धरू नका, असं होतं त्यात. तुमच्या हाताची ऊब त्याला फुगवते आणि मग तुम्ही गेज मोजत नाही, स्वतःला मोजता.

"राहील," मी म्हणालो. तुम्ही ऐकलंत. मग पडद्यावरच्या 'नक्की पुसायचं?' ह्या प्रश्नाला मी होकाराचं वाय दाबलं.

टक्के चढताना मी उभाच होतो. फॉरमॅट शंभरपर्यंत गेलं. विंडोज चाळीस टक्क्यांवर गोठलं. थोडं थांबून पुन्हा सुरू केलं, एकतीसवर गोठलं. आता घरात मशीन नावाची जी वस्तू होती तिच्यात काहीच नव्हतं, ना तुमचं, ना माझं, आणि माझ्या हातात एक फ्लॉपी आणि दोन दिवससुद्धा नाहीत. रविवारी सकाळी मी जयनगरला एका मित्राकडे दुसरी सीडी आणायला गेलो, कारण मी ठरवलं की सीडी खराब आहे. बसने जायला-यायला तीन तास.

परत आलो तर तुम्ही खुर्चीत पेपर वाचत होता. मी सीडी घातली. तीस. चाळीस. पन्नास. मी श्वास धरून बसलोय आणि तुम्ही पान उलटताय, त्याचा आवाज मला आज हे लिहितानाही येतो. शंभर. जेवलो नाही, उठलो नाही. संध्याकाळी पाचपर्यंत रजिस्टर पूर्ण झालं, एकदाही न अडता, आणि आधीचा मंदपणाही गेला होता. तो मात्र माझ्या फॉरमॅटने गेला, एवढं श्रेय मी आजही सोडणार नाही.

पण वायर लावायला मी टेबलामागे वाकलो तेव्हा स्क्रू पाहिले होते. चारही स्क्रूंच्या फुल्या सरळ उभ्या, एकाच दिशेने. मी स्क्रू तसे कधीच बसवत नाही. आपल्या घरातल्या कुलपापासून पंपाच्या स्टोव्हपर्यंत तसे बसवणारा माणूस एकच होता. आणि खिडकीच्या कट्ट्यावर एक कागदाची पुडी होती, तुमच्या टूलरूमच्या पद्धतीची. यंत्र बिघडलं की ज्याने बिघडलं ती वस्तू पुडीत बांधून ठेवायची, तुटका दात, लोखंडाचा कीस, काय असेल ते. वर यंत्र लिहायचं, जागा लिहायची, कारण लिहायचं. कोणामुळे, ते कधी लिहायचं नाही. पुडीवर होतं: कॉम्प्युटर. लहान पंखा. अक्षता.

मला समजलं. मागे मी ज्याचा वारा घेतला तो मोठा पंखा. प्रोसेसरवर दुसरा असतो, चार बोटं रुंद, केबलच्या पट्टीखाली लपलेला. त्याच्या पात्यात ओला तांदूळ अडकून वाळला होता. तुम्ही झाकण काढून मशीन चालू केलंत आणि एका नजरेत पाहिलंत. मी पुडी वाचली, होती तिथे ठेवली, आणि वायर लावली. तुम्ही पेपरवरून माझ्याकडे पाहत होता हेही मला ठाऊक होतं.

सोमवारी काम मिळालं. दारातून आत येतानाच मी आईला आणि शेजारच्या काकांना सांगितलं, "फॉरमॅट केल्यावर सरळ झालं." तुम्ही म्हणालात, "सरी." दोन दिवसांनी तुम्ही टेबलाशी बसलात, चष्मा लावलात, बराच वेळ शोधलंत. "माझं दिसत नाही रे." मी बूट घालत होतो. "ती फाइल आधीच खराब झाली होती अण्णा. त्यात अडकूनच तर मशीन थांबायचं." तुम्ही चष्मा काढून टेबलावर ठेवलात. मग म्हणालात, "परत लिहू." दोन वर्षं होती तुमच्याकडे. त्या टेबलाशी तुम्ही पुन्हा बसला नाहीत.

पुडी मला तुमच्या हत्यारांच्या पेटीत सापडली, तुम्ही गेल्यावर. ती माझ्याकडे आहे. ही पहिली गोष्ट मी गाळतो. दुसरी ह्याहून लहान आहे. वेळ नव्हता, मशीन कधीही गोठलं असतं, फ्लॉपी एकच होती, असं मी स्वतःला सांगत आलोय. पण आकडे मी विसरत नाही, हे तुम्हाला माहीत आहे. त्या शनिवारी माझा प्रोग्रॅम घेऊन झाल्यावर मी फ्लॉपीची यादी पाहिली. शेवटच्या ओळीत मोकळी जागा दिसते. सहा लाख बारा हजार तीनशे बावन्न बाइट्स. तुमची फाइल अडतीस हजार चारशे सात बाइट्सची होती. ती घ्यायला चार-पाच सेकंद लागले असते. ती ओळ मी वाचली, तुमचा हात कॅबिनेटवरून फिरताना मला आठवला, आणि मी फ्लॉपी बाहेर काढली.

हे कागद पुडीशेजारी पेटीत ठेवतोय. वर चिठ्ठी लावलीय, तुमच्या पद्धतीने: कॉम्प्युटर. फॉरमॅट. जागा होती.