हात माझा, दोष हॉर्नचा

३ जानेवारी
ऑर्केस्ट्राच्या तालमीत छडीवाल्या साहेबांनी चारदा थांबवलं. म्हणाले, फर्स्ट हॉर्नचा सूर उतरतोय. फर्स्ट हॉर्न म्हणजे मी. एकवीस वर्षं हे पितळी वेटोळं फुंकतोय. मी खाली नाही, बाकीचे साठ जण वर आहेत. सूर काय बहुमताने ठरतो? २४ तारखेचा सोलो माझाच.

५ जानेवारी, सकाळी ७
संकल्प : रोज दोन तास रियाज.
७.१०. ओठ जपले पाहिजेत. थांबलो.

८ जानेवारी
शेजारी बसणारी सेकंड हॉर्नवाली, कालची पोर, म्हणाली की सर, हॉर्नच्या कर्ण्यासारख्या तोंडात धरायचा तुमचा उजवा हात फार आत जातो, वाट बुजते आणि सूर उतरतो. बोटं कडेला टेकवा, तळवा उघडा ठेवा. माझाच हॉर्न घेऊन वाजवून दाखवला. सूर लागला. बोलाफुलाला गाठ.

९ जानेवारी
घरी हात उघडा ठेवून पाहिला. सगळ्या चुका स्वच्छ ऐकू आल्या. हात पुन्हा आत.

१२ जानेवारी
निदान झालं. दोष डिझाइनचा. हॉर्नचा गळा अरुंद. बनवणाऱ्यांनी काडीपैलवानांची मापं घेतलेली दिसतात, माझा पंजा भरदार. बायको म्हणाली, मग हात कमी घाला. ती बँकेत असते, तिला काय कळणार.

१५ जानेवारी
सूर जुळवायची नळी आधीच शेवटपर्यंत आत ढकललेली. दुरुस्तीवाल्याला म्हटलं, दोन्ही टोकांना दोन-दोन बोटांइतकी कापून आखूड कर, सूर चढेल. तो म्हणाला, हॉर्न ठीक आहे, हाताचं बघा. दीडशहाणा. दमात घेतल्यावर कापली.

१८ जानेवारी
तालीम. सूर तंतोतंत. साहेबांनीही मानलं. मग म्हणाले, आवाज उशीखालून येतोय, हात उघडा. उघडला. सूर असा चढला की व्हायोलिनवाल्या वळून बघायला लागल्या. उतरवायला नळी बाहेर ओढली, ती सबंध हातात आली. सोलो सेकंड हॉर्नवालीला. राजकारण, दुसरं काय.

२० जानेवारी
कार्यक्रमात एक सूर स्टेजमागून वाजवायचा आहे, दूर डोंगरापलीकडून आल्यासारखा. साहेब म्हणाले, तुमचा मुळातच तसा येतो. अखेर कदर झाली.

२४ जानेवारी, रात्री
स्टेजमागे, घडीच्या खुर्च्यांच्या ढिगाजवळ उभं राहून सूर लावला. बरोबर लागला. मग दाराआडून तिचा सोलो ऐकला. चूक शोधत होतो. सापडली नाही. वाईट वाटलं.

घरी आल्यावर मुलीने विचारलं, बाबा, तुम्ही कुठे होतात? बायको म्हणाली, कार्यक्रम छान झाला, पण मध्येच भिंतीतला पाण्याचा पाइप घुमला, हॉलवाल्यांना सांगायला हवं.
उद्या सांगतो, म्हणालो.