संपूर्ण बायबल, टिकमार्कसह

१ जानेवारी, सकाळी सव्वासहा
यंदा संकल्प एकच. वर्षभरात संपूर्ण बायबल वाचणे, तेही कालक्रमाने. चर्चच्या महिला गटाचा कार्यक्रम आहे. नऊ जणी आहोत. बाकीच्या आठ आरंभशूर, मी तशी नाही. (मागच्या वर्षीचं पोहणं यात धरायचं नाही. तिथलं पाणी गार होतं.)

दुसरी गोष्ट फक्त इथेच लिहिते. आमच्या गटप्रमुख, निवृत्त मुख्याध्यापिका, ज्यांना सगळे मोठ्या बाई म्हणतात, त्या डिसेंबरात कायमच्या मुलीकडे राहायला जाणार. खुर्ची रिकामी होणार. त्या खुर्चीत कोण शोभेल हे मला आजच दिसतंय. इतरांना दिसायला वर्ष आहे.

नवऱ्याला सांगितलं. म्हणाला, बरं. चष्मे विकण्यात जन्म गेला, पण दूरचं काही दिसत नाही.

७ जानेवारी, बुधवार
पहिली बैठक. चर्चच्या मागच्या खोलीत घडीच्या खुर्च्या मीच मांडल्या. कोण मांडतंय हे दिसावं म्हणून जरा सावकाश. तेवढ्यात मोठ्या बाईंनी वाचनाचा तक्ता कसा बघायचा ते समजावून सांगितलं म्हणे. मला गरज नव्हती. चौदा वर्षं दातांच्या दवाखान्याचं रिसेप्शन सांभाळतेय. तक्ते मला कोण शिकवणार?

मोठ्या बाई सोडून आम्हा आठ जणींच्या चिठ्ठ्या टाकून जोड्या लावल्या. नियम तीन. काय वाचलं ते जोडीदारणीला रोज कळवायचं. जोडीतलं बोलणं जोडीतच राहील. आणि वर्षअखेरीस प्रत्येकीने उभं राहून आपल्या जोडीदारणीबद्दल सांगायचं. त्यावरून गट कुणाच्या हाती द्यायचा ते ठरवेन, असं मोठ्या बाई म्हणाल्या.

मला मिळाली टाचणी. खरं नाव वेगळं, पण मी मनात टाचणीच म्हणते. बसस्टॉपसमोर तिचं कपडे दुरुस्तीचं दुकान आहे. चेन बदलणे, पँटची उंची कमी करणे, पडदे. एकटीच असते. तोंडात सदोदित टाचण्या धरलेल्या, त्यामुळे बोलणं कमी. माझ्या दृष्टीने उत्तम. मी शिकवेन, ती डिसेंबरात सांगेल.

हायलायटर दुसरीच्या जोडीत गेली. ही आहारतज्ज्ञ. चार रंगांची पेनं घेऊन येते आणि पवित्र शास्त्र रंगवते. खुर्चीवर तिचाही डोळा आहे.

१४ जानेवारी
गटात भलताच घोळ. सगळ्या जणी ईयोबाबद्दल बोलत होत्या. त्याची गुरं, त्याची गळवं. मी अजून अब्राहामापाशी! अनुक्रमणिका बघितली तर ईयोब थेट पुस्तकाच्या मध्यावर. बायकांनी पाचशे पानांची उडी मारली होती. तक्त्यातच तसं आहे म्हणे. तो फार जुन्या काळातला, म्हणून त्याला आधी घेतलाय.

मी मान डोलावली. गळवांबद्दल हळहळलेसुद्धा.

घरी आल्यावर शांतपणे विचार केला. ज्यांनी पुस्तक छापलं ते काय खुळे होते? पान एकनंतर पान दोन, याहून सरळ कालक्रम कोणता? मी माझ्या क्रमाने जाणार. शेवट सगळ्यांचा एकच.

१२ फेब्रुवारी
लेवीय. बायबलचं तिसरं पुस्तक, नियमच नियम. त्वचेवर चट्टा उठला तर काय, त्यातला केस पांढरा झाला तर काय, हे सगळं वाचलं. मग घराच्या भिंतीवरची बुरशी. वाचता वाचता उठून बाथरूमची भिंत बघितली. आहे. हा संकेतच. रंगाऱ्याला फोन केला. त्याचं काम संपेपर्यंत वाचन स्थगित. धुळीत असलं पुस्तक उघडू नये.

२७ फेब्रुवारी
रंगारी गेला. वाचन उद्यापासून. फ्रिजवरच्या तक्त्यात आजपर्यंतचे टिकमार्क करून टाकले. मोकळे चौकोन बरे दिसत नाहीत.

५ मार्च
देवाने मार्ग काढला. टाचणीने विचारलं, बोटांना सुया टोचून टोचून टाईप करणं जमत नाही, रोजचा भाग मोठ्याने वाचून रेकॉर्ड करून पाठवला तर चालेल का? चालेल काय, धावेल. पूर्वी लोक कुठे वाचत होते, ऐकतच होते. म्हणजे ऐकणं हेच खरं वाचन.

पहिला निरोप चौदा मिनिटांचा. कापड मोजून द्यावं तशी एकेक शब्द वाचते. दोन मिनिटं ऐकलं. आवाज चांगला आहे. उत्तर पाठवलं: आमेन, फार सुंदर.

२३ मार्च
पद्धत बसली. तिचा निरोप साडेनऊला येतो. तेव्हा आत ड्रिल चालू, बाहेर पेशंट गाल धरून बसलेले. ऐकणं शक्य नाही. दुपारी डबा खाताना ऐकायचं ठरवलंय. उत्तर मात्र लगेच देते. तत्परता हाही एक गुण आहे. आता 'आ' दाबलं की पुढचं सगळं फोन स्वतःच लिहितो.

दुपारी डबा खाल्ला.

६ मे, बुधवार
या आठवड्याच्या वाचनावर बोलण्याची माझी पाळी. वाचन झालं नव्हतं, पण वक्तृत्व आहे. म्हणाले, यातली माणसं अगदी आपल्यासारखी, त्यांची सुखदुःखं वाचून डोळ्यांत पाणी आलं. हायलायटरने विचारलं, कुणाची? मी म्हणाले, एकाचं नाव घेऊन दुसऱ्यावर अन्याय कशाला?

मागाहून कळलं की या आठवड्यात इतिहासाच्या पहिल्या पुस्तकाचे नऊ अध्याय होते. नुसत्या नावांच्या याद्या. अमक्याचा मुलगा तमका.

माझ्या मते वेळ निभावली. कुणी हसलं नाही. टाचणी खाली बघत होती. भारावली असावी.

१० जून
टाचणीचे निरोप लांबत चाललेत. आजचा एकोणीस मिनिटांचा. भाग तेवढाच, मग वरची मिनिटं कसली? मधूनच थोडं लावून बघितलं. वाचत नव्हती. कुठल्यातरी रिपोर्टबद्दल, डॉक्टरांबद्दल बोलत होती. गिऱ्हाईक आलं असेल आणि रेकॉर्डिंग बंद करायचं राहिलं असेल. अशिक्षित नाही, पण फोनच्या बाबतीत कच्ची. आमेन, फार सुंदर पाठवलं. आटोपशीर बोल, असं सांगणार होते, पण मन दुखावेल म्हणून राहू दिलं. नेतृत्वाला हे भान लागतं.

८ जुलै, बुधवार
टाचणी सलग तिसऱ्या बुधवारी गैरहजर. बैठक संपल्यावर मोठ्या बाईंनी मला बाजूला घेतलं. म्हणाल्या, जोडीतलं मला काही सांगू नकोस, फक्त एवढं सांग, तू तिच्या सोबत आहेस ना? मी म्हणाले, रोज. त्यांनी माझा हात दाबला. म्हणाल्या, तू आहेस म्हणून मला घोर नाही.

खुर्ची जवळ आली! इतर जणींना सांगितलं की शाळा सुरू झाल्यात, युनिफॉर्मची कामं असतील.

१९ ऑगस्ट
टाचणीचे निरोप आता तीन मिनिटांवर आलेत. माझी शिस्त न सांगता पोचली. सुरुवात ऐकली, आवाज बसलाय. घशाचं असेल. आज उत्तराला एक फूल जोडलं.

१६ सप्टेंबर, बुधवार
टाचणी आली! डोक्याला घट्ट रुमाल बांधलेला, जांभळा, छान रंग. आणि किती बारीक झालीय! मी सगळ्यांसमोर मोकळेपणाने कौतुक केलं. म्हणाले, आमच्या आहारतज्ज्ञ बाईंनी आता हिच्याकडून डाएट शिकावं. कुणीही हसलं नाही. हायलायटर एकदम पेनांची टोपणं लावायला लागली. टाचणीने माझ्याकडे जरा जास्तच वेळ बघितलं आणि म्हणाली, थँक्यू.

गटात मत्सर फार वाढलाय. प्रमुख झाले की आधी त्यावर बोलेन.

११ नोव्हेंबर
खुर्ची स्वीकारतानाचं भाषण लिहून झालं. अडीच पानं. पहिला मुद्दा नम्रता.

सोबत शिल्लक वाचनही बघितलं. बायबलातली खुणेची फीत अजून लेवीयमध्येच. एक हजार पंच्याऐंशी अध्याय उरलेत. वर्षाचे उरलेले पन्नास दिवस धरले तर रोज बावीस. अगदी सहज. सोमवारपासून.

३ डिसेंबर
शेवटची बैठक सोळाला. रोज त्र्याऐंशी पडतात. आकड्यांच्या मागे लागण्यात अर्थ नाही. भावना महत्त्वाची.

१६ डिसेंबर, बुधवार, संध्याकाळ
लिहावंसं वाटत नाही. पण लिहिते, म्हणजे नीट समजेल कुणाचं काय चुकलं.

माझी पाळी आधी. टाचणीबद्दल चांगलं बोलले. कष्टाळू, मितभाषी, फोनची थोडी अडचण. मग ती उभी राहिली. तोंडात टाचण्या नव्हत्या.

म्हणाली, माझी जोडीदारीण एकही दिवस चुकली नाही. रोज उत्तर. मी चौदा मिनिटांचा निरोप पाठवायचे आणि मिनिटभरात उत्तर यायचं. मला नवल वाटायचं, एवढ्यात ऐकलं कसं? मग जूनमध्ये मी सांगितलं की छातीत गाठ निघालीय आणि ती चांगली नाही. उत्तर आलं, आमेन, फार सुंदर.

 मी भाषणाच्या कागदाची घडी घातली.

ती म्हणाली, तेव्हा इतका राग आला की कात्री फेकली. काच फुटली दुकानाची. कुणी ऐकतंय की काय, म्हणून आणखी दोनचारदा सांगून बघितलं. पण मग वाटलं, जी ऐकतच नाही तिला काहीही सांगता येतं. मी रडले त्यात. शिव्या दिल्या. देवालाही दिल्या, मग माफी मागितली. केमोचे दिवस तसेच काढले. घरात दुसरं कुणी नाही. भिंतीशी बोललं तर लोक वेडी म्हणतात, फोनशी बोललं तर नाही म्हणत. म्हणून या बाईंचे आभार.

खोचून बोलली असती तर मी उत्तर दिलं असतं. ती मनापासून बोलत होती. आभार मानून बसली आणि पाणी प्यायली.

मोठ्या बाईंनी माझ्याकडे बघितलं नाही. गट हायलायटरकडे गेला.

नवऱ्याने विचारलं, काय झालं? म्हणाले, राजकारण.

१७ डिसेंबर
दवाखान्यात कळवलं की दाढ दुखतेय. तिथेच कळवायचं आणि दाढेचंच! डॉक्टर म्हणाले, ताबडतोब या.

गेले नाही. जूनपासूनचे निरोप लावले. सगळे नाही ऐकवले. सतरा ऐकले.

२२ जूनचा असा. भाग वाचून संपला, आणि ती म्हणाली, गुरुवारी सकाळी सात वाजता ऑपरेशन आहे, सोबत कुणीतरी लागतं म्हणतात. तुम्ही ऐकत असाल तर याल का? नुसतं बाहेर बसायचं आहे. ऐकत नसाल तर राहू द्या.

खाली माझं उत्तर. नऊ एकतीसला.

हे ती काल बोलली नाही. सगळ्यांसमोर एवढं सांगितलं, पण हे नाही. मला लाज वाटतेय. दुसरा शब्द शोधला, नाही सापडला.

१८ डिसेंबर
दुकानात गेले. बसमध्ये माफीची वाक्यं जुळवली होती, चांगली झाली होती. तिच्या तोंडात टाचण्या होत्या, समोर कुणाचा तरी लांबलचक पडदा. मी सुरू केलं तर तिने हात वर केला. टाचण्या काढून म्हणाली, माफी नको, हा पडदा संध्याकाळी द्यायचाय. कुठपर्यंत वाचलंत?

सांगितलं. लेवीय. भिंतीवरची बुरशी.

ती हसली नाही. स्टूल पुढे ढकललं, कपाटावरून तिचं बायबल दिलं आणि म्हणाली, वाचा, मी शिवते. वाचायला लागले. दोन ओळी गाळल्या, मशीन थांबलं. परत वाचल्या, मशीन सुरू. पुढे अर्धं पान उडवलं, मशीन थांबलं. तिसऱ्यांदा तर मी एकच ओळ सोडली होती. पायडलवरून पाय काढून ती वाट बघत होती. एका अध्यायाला पाऊण तास लागला.

निघताना म्हणाले, उद्या येते. ती म्हणाली, उद्या या. सोमवारी नको, सोमवारी हॉस्पिटल आहे, सकाळी सातला. आणि पुन्हा पडद्यात डोकं घातलं. विचारलं नाही.

मीच विचारलं, येऊ का?

तिने शिवणीची कड संपवली, दोरा तोडला. मग म्हणाली, या. पण तिथे काही समजावून सांगायचं नाही, धीर द्यायचा नाही, फोन काढायचा नाही. दोन-तीन तास नुसतं माझ्या शेजारी बसायचं.

हो म्हणून आलेय. जमेल की नाही, माहीत नाही.