एकतीस किलोचा अॅम्प्लिफायर

जुन्नर,
संवत्सरीचा दिवस

प्रिय साडूभाऊ संयमराव यांस अरिहंतचा मनापासून जय जिनेंद्र.

इकडे आम्ही सगळे उपाशी पण खुशाल आहोत (आज उपवास आहे म्हणून, एरवी डिंपल या घरात कुणाला उपाशी राहू देत नाही). आईचे गुडघे बरे आहेत. तुमची पाठ कशी आहे? डिंपल आणि तुमची सिद्धी सख्ख्या बहिणी असल्याने रोज तासभर फोनवर बोलतात, त्यामुळे तुमची पाठ, तुमचं मंचरचं इलेक्ट्रिकचं दुकान आणि तुम्ही माझ्याबद्दल काय काय बोलता, हे सगळं मला घरबसल्या कळतं. तरी रीत म्हणून विचारलं.

आज वर्षभराच्या अपराधांची क्षमा मागायचा दिवस, म्हणून सकाळपासून क्षमापनेचं हात जोडलेलं चित्र मी मोबाइलवरून दोनशे जणांना पाठवलं. त्यात असेही लोक आहेत ज्यांच्याशी भांडायची मला कधी संधीच मिळाली नाही. तुमच्या नावावर आलो आणि बोट अडलं. ज्याचा खरोखरचा अपराध केला त्याला तयार चित्र पाठवणं बरं दिसेना. म्हणून हे पत्र. अपराध सविस्तर लिहितो, म्हणजे माफ करताना तुमच्याकडून काही राहून जायला नको.

मी हॉलमध्ये होम थिएटरचे पाच स्पीकर आणले आणि त्यांचा आवाज तापातून उठलेल्या माणसासारखा यायला लागला, तेव्हा तुम्हीच सांगितलंत की रिसीव्हर आवाज नीट वाटून देतो, पण एवढ्या स्पीकरांना पुरेल इतका जोर त्याच्यात नाही. पुढच्या तिघांना वेगळा पॉवर अॅम्प्लिफायर द्या, खोली बारा बाय चौदाची आहे, छोटा पुरे. वॉट आणि ओहम कागदावर मांडूनही दिलेत. तो कागद मी आदराने घडी घालून ठेवला. पण संयमराव, आमचं भुसार मालाचं दुकान. तीन पिढ्या आम्ही माल हातात घेऊन पारखतो, आणि ओहम काही हातात येत नाही. म्हणून मी राजुरीच्या गेणभाऊंना (लग्नाजत्रांत मंडप आणि स्पीकर लावतात ते) त्यांच्याकडचे दोन अॅम्प्लिफायर घेऊन बोलावलं, तुम्ही नमुन्याला ठेवलेला छोटा काढला, आणि तिन्ही एकेक करून दुकानातल्या काट्यावर ठेवले. तुमचा भरला चार किलो. दुसरा बारा. तिसरा एकतीस किलो दोनशे ग्रॅम, तेही खोक्याचं बारदान वजा जाता. वर गेणभाऊ म्हणाले, "शेठ, ह्यो लई दणकट हाय. घाटघरच्या लग्नात वाजवला व्हता, तर घाटाखालची मानसं जेवायला आली." एवढं ऐकल्यावर कुठला व्यापारी चार किलोचा माल घेईल, तुम्हीच सांगा.

पुढचं सगळं तुमच्या डोळ्यांदेखत झालं, पण लिहायला बसलोच आहे तर पूर्ण लिहितो. रविवारी दुपारी दोन्ही घरची मंडळी सिनेमा बघायला जमली. हा अॅम्प्लिफायर या स्पीकरांसाठी नाही, असं तुम्ही तीनदा म्हणालात. मी हट्ट धरला म्हणून मुकाट्याने वायरी जोडून दिल्यात, तोवर ऊन कललं. सिनेमात नायकाने हळूच दार उघडलं आणि आमच्या स्वयंपाकघरातले डबे फळीवरून खाली आले. आई जिन्यातून ओरडली, "आरं अरिहंत, खाली पोत्यांची थप्पी पडली का रं?" मग नायकाने ते दार आपटलं. डाव्या स्पीकरने एक मोठा ढेकर दिला, जळका वास सोडला आणि तो कायमचा गप्प झाला.

त्यावर मी सगळ्यांसमोर म्हणालो, "तुमीच वायरी उलट्या लावल्या, दुसरं काय!" तुम्ही स्क्रूड्रायव्हर टीपॉयवर ठेवलात, आईच्या पाया पडलात, सिद्धीला घेऊन निघालात. डिंपलने बाट्या तुपात सोडलेल्या होत्या. सूर्य मावळायला अर्धा तास उरला होता आणि मंचर तासाभराच्या वाटेवर. सूर्यास्तानंतर तुम्ही पाणीसुद्धा घेत नाही, म्हणजे दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत उपाशी राहिलात, तेही माझ्या घरून निघून. स्पीकर जळल्याचं मला काही वाटलं नाही. हे मात्र दोन महिने घास घेताना आठवतं.

तेव्हा संयमराव, मनाने, वाचेने, वागण्याने तुम्हाला दुखावलं त्याबद्दल मिच्छामि दुक्कडम्. अॅम्प्लिफायर निवडण्यात माझी चूक नव्हती, हे मत मात्र कायम आहे. आणि वायरी उलट्या होत्या की नव्हत्या, याचाही निकाल अजून लागलेला नाही.

आपला,
अरिहंत

ता. क. एकतीस किलोवाला परवा गेणभाऊ गणपतीसाठी राजुरीला घेऊन गेले. तिथे आरती छान ऐकू येते म्हणतात (आमच्या गच्चीवर मलाही आल्यासारखी वाटली). तुमचा छोटा अॅम्प्लिफायर खोक्यातच आहे. दुसऱ्या कुणाला मी त्याला हात लावू दिलेला नाही. येत्या रविवारी सकाळीच या, सिद्धीलाही आणा.

ता. क. दुसरा. वायरी सरळ होत्या. मी त्याच दिवशी तपासल्या, तुमची गाडी अजून कोपऱ्यावरच्या गर्दीत अडकलेली होती. खिडकीतून हाक मारली असती तर तुम्हाला ऐकू गेली असती. तुम्ही परत आला असतात, आणि मला सगळ्यांसमोर खरं बोलावं लागलं असतं. म्हणून मारली नाही.