सत्काराचा नारळ

सोमवार, संध्याकाळ

काय करून बसले मी आज! येडशीजवळच्या या इंटरनॅशनल स्कूलमध्ये नाटकाची शिक्षिका म्हणून माझा पहिला दिवस. प्राचार्याबाईंनी स्टेजवर बोलावलं, ओळख करून दिली, शाल घातली, हातात नारळ दिला. आता मी बोलायचं, तेही इंग्रजीत. पाठ केलेलं सगळं पार पुसलं गेलं. पायाखाली स्टेज, हातात नारळ. आमच्या नाटक मंडळीत प्रयोगाआधी स्टेजवर नारळ फोडतात, तोच हात आपोआप वर गेला. स्टेजच्या कडेवर आपटला की! पाणी थेट बाईंच्या साडीवर.

सत्काराचा नारळ कुणी फोडतं का?

"अहो, एकच नारळ आणला होता," बाई पदर झटकत पुटपुटल्या, "दुपारच्या पाहुण्यांनाही तोच द्यायचा होता!" आणि स्वतःच हसायला लागल्या. मुलं तर लोळायचीच बाकी होती.

बेंबळीला घरी फोन केला तर बाबांना हसून ठसका. "लई भारी केलंस, पोरी!"

पण सकाळी खरी कमाल केली ती पुढच्या रांगेतल्या एका मुलीने. उभी राहून म्हणाली, "मॅडम, नारळ तर फुटला. मग नाटक कधी सुरू?"

"आत्ता," म्हटलं, आणि तिलाच हात देऊन वर घेतलं.

भाषणाचा कागद अजून पर्समध्येच आहे.